बिडाचा नांगर आणि लक्ष्मणराव

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी आपल्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात गेले. परंतु काही रंगांतील फरक त्यांना ओळखता येईना. तेव्हा कुंचला ठेवून त्यांनी यांत्रिक रेखाटन हाती घेतले व पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते शिकवू लागले. तेथे हक्काची बढती डावलली गेली. नोकरी सोडून ते बेळगावला आले. बंधू रामूअण्णांसह सायकलींचे दुकान चालविले, कडबा कापण्याची यंत्रे केली आणि मग लोखंडी नांगराला हात घातला.

नांगराला लोखंड कोणते वापरावे? शुद्ध लोखंड वितळायला सुमारे १५३८ अंश सेल्सिअस तापमान लागते. त्यात तीन-चार टक्के कार्बन असला की ते १२०० अंशांच्या आसपासच पातळ होते व साच्यात सहज ओतता येते. हेच बीड. ते लवकर झिजत नाही, दाबही सोसते. मात्र दगडावर जोराने आदळले तर वाकण्याऐवजी तुटते. याउलट घडीव लोखंड वाकते, पण तुटत नाही. कठीणपणा आणि चिवटपणा हे दोन निराळे गुण आहेत. एक वाढवताना दुसरा बहुधा कमी होतो, आणि नांगर करणाऱ्याला या दोहोंचा मेळ घालावा लागतो.

माल तयार झाला, पण गिऱ्हाईक येईना. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. शिल्लक माल मूळ किंमत किंवा बाजारभाव, यांपैकी जी कमी असेल तिने धरावा, असे आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी शिकतो. त्या दोन वर्षांत त्या नांगरांचा बाजारभाव जवळजवळ शून्यच होता! तरी लक्ष्मणरावांनी नांगर सोडला नाही.

पुढे नगरपालिकेच्या निर्णयामुळे बेळगावची जागाही सोडावी लागली. औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ व कर्जाऊ दहा हजार रुपये दिले. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तेथले नांगर गावोगाव गेले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. बिडाचा कस भट्टीत ठरतो, पण शेतकऱ्याचा विश्वास शेतातच मिळवावा लागतो. त्यासाठी थांबण्याची ताकद त्यांच्यापाशी होती.