रास्तांच्या घरातील सम्राज्ञी

जमैकातील रास्ताफारी पंथाचे पुरुष आपल्या पत्नीला आदराने 'एम्प्रेस' म्हणजे सम्राज्ञी म्हणतात. या संबोधनामागे उभ्या आहेत इथिओपियाच्या सम्राज्ञी मेनेन आस्फाव. जमैकाच्या भूमीवर त्यांनी कधी पाऊल ठेवले नाही आणि अखेरपर्यंत त्या निष्ठावान ऑर्थोडॉक्स ख्रिस्तीच राहिल्या.

वोलो प्रांताचे राजे मिकाएल यांची ही नात. रास तफारी यांच्याशी १९११ मध्ये त्यांचा विवाह झाला, तेव्हा त्या प्रथमवधू नव्हत्या. आधीच्या विवाहांतून त्यांना अपत्येही होती. पुढे १९१६ मध्ये त्यांचे मामा इयासू पदच्युत झाले, सत्ता तफारींकडे आली आणि सेगालेच्या लढाईत आजोबांचा पराभव झाला. माहेर हरले, सासर जिंकले! अशा कात्रीत सापडूनही त्या पतीच्या बाजूने ठाम राहिल्या.

२ नोव्हेंबर १९३० रोजी तफारी हे हैले सेलासी या नावाने सम्राट झाले. सम्राज्ञीचा मुकुटविधी वेगळ्या दिवशी करण्याची प्रथा मोडून मेनेन यांनाही त्याच दिवशी मुकुट चढविण्यात आला. त्या सोहळ्याची वार्ता जमैकात पोहोचली आणि तेथील गरीब कृष्णवर्णीयांतील काहींनी सम्राटाला साक्षात ईश्वर मानले. या श्रद्धेतूनच पंथ उभा राहिला.

मात्र पंथाच्या घरात स्त्रीचे स्थान दुय्यमच होते. पती हा कुटुंबप्रमुख. स्त्रीने केस झाकावेत, काही कर्मठ वस्त्यांत मासिक पाळीच्या काळात स्वयंपाकही करू नये, असे दंडक होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पंथातील स्त्रिया याविरुद्ध बोलू लागल्या. सम्राटाच्या शेजारी त्याच दिवशी मुकुट धारण करणारी मेनेन हा त्यांना मोठाच आधार होता.

तो आधार केवळ प्रतिमेचा नव्हता. मेनेन यांनी १९३१ मध्ये अदिस अबाबात मुलींची शाळा काढली. इटलीच्या आक्रमणानंतर १९३६ मध्ये त्यांना परागंदा व्हावे लागले. देश मुक्त झाल्यास आपला मुकुट बेथलेहेमच्या चर्चला वाहीन, हा नवस त्यांनी १९४१ नंतर फेडला. सम्राटापासून झालेल्या सहा अपत्यांपैकी तिघांचे मृत्यू त्यांना पाहावे लागले.

१५ फेब्रुवारी १९६२ रोजी मेनेन यांचे निधन झाले. चार वर्षांनी सम्राट जमैकात आले, तेव्हा विमानतळावर हजारो रास्ता लोटले. सम्राज्ञीची जागा मात्र रिकामी होती. २५ मार्च हा त्यांचा जन्मदिन पंथातील स्त्रिया आजही साजरा करतात.