कुड्याची साल आणि गोव्याचा डॉक्टर

क्विनीन हे नाव ऐकलं नाही असा विद्यार्थी सापडणं कठीण! दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना झाडाच्या सालीतून पेलेतिए आणि काव्हाँतू या दोन फ्रेंच केमिस्टांनी १८२० साली ते वेगळं काढलं. त्याच्या रेणूत क्विनोलीनची जोडरिंग असते. पण मित्रांनो, त्याच्या अडीचशे वर्षं आधी आपल्या किनाऱ्यावर एक माणूस इथल्या साली, मुळं आणि बिया गोळा करून त्यांची माहिती लिहीत होता. त्याचं नाव गार्सिया द ओर्ता.

ओर्ताचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमध्ये झाला. आईवडील स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू. पुढे त्यांना जबरदस्तीने ख्रिश्चन व्हावं लागलं. मुलगा मात्र हुशार निघाला. सालामांका आणि अल्काला इथे तो वैद्यक शिकला आणि लिस्बनच्या युनिव्हर्सिटीत शिकवू लागला. १५३४ मध्ये मार्तिम आफोन्सो द सोझा यांच्या आरमाराबरोबर तो गोव्याला आला, तो कायमचाच. त्याच वर्षी त्याने घारापुरीची लेणी पाहिली, म्हणजे आपल्या रायगडच्या हद्दीतही त्याचे पाय लागले! पुढे मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. तिथल्या त्याच्या आंब्याच्या झाडाला वर्षातून दोनदा फळ यायचं, असं तो सांगतो. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशाह त्याचा पेशंट आणि मित्र होता.

युरोपातले डॉक्टर तेव्हा दीड हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक पुस्तकांवर विसंबून असत. ओर्ता मात्र इथल्या वैद्यांना, हकिमांना, व्यापाऱ्यांना विचारायचा आणि स्वतः तपासून बघायचा. कॉलऱ्याला इथे काय म्हणतात हे विचारून त्याने ते नाव लिहिलं, ते म्हणजे आपली मोडशी! १० एप्रिल १५६३ रोजी त्याचं पुस्तक गोव्यात छापून झालं. ते दोन डॉक्टरांच्या संवादाच्या रूपात आहे. त्यातला एक ओर्ता स्वतः, तर प्रश्न विचारणारा रुआनो काल्पनिक. जुलाब-आवेवर मलबारचे वैद्य वापरत त्या झाडाच्या मुळाच्या सालीचं वर्णन त्यात आहे. ते झाड म्हणजे आपला पांढरा कुडा, असं अभ्यासक मानतात. पावसाळ्याच्या तोंडावर कोकणात पांढऱ्या फुलांनी भरतो तोच हा कुडा, आजीच्या बटव्यातला! १५६७ मध्ये क्लुसियसने पुस्तकाचा लॅटिन सारांश अँटवर्पला छापला आणि ही माहिती युरोपभर गेली.

पण ओर्ता एक गोष्ट आयुष्यभर लपवत होता. मनाने तो ज्यूच राहिला होता. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन सुरू झालं. १५६८ मध्ये ओर्ता वारला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जिवंत जाळलं. १५८० मध्ये त्याची हाडं थडग्यातून उकरून काढून तीही जाळली गेली! ज्याने हजारोंच्या पोटदुखीवरचं औषध लिहून ठेवलं, त्याला मेल्यावरही शांतता मिळाली नाही. पुस्तक मात्र लॅटिनमधून आधीच सुटलं होतं.

कुड्याच्या सालीतलं कोनेसीन हे अल्कलॉइड १८५८ साली मुंबईत हेन्स यांनी वेगळं काढलं. ते क्विनोलीनचं नाही, स्टेरॉइडच्या कुटुंबातलं आहे. दोन्ही सालींची गोष्ट मात्र एकच. फॉर्म्युला शेवटी सापडतो. त्याआधी कुठली साल उचलायची हे लोकांना माहीत असतं आणि कुणीतरी नम्रपणे त्यांना विचारून लिहून ठेवलेलं असतं. लॅबमध्ये जाण्याआधी आजूबाजूच्यांना विचारायला आपण शिकलो, तर या माणसाचं थोडं तरी ऋण फिटेल, नाही का?