नामदेवरायांचा हट्ट

आज कार्तिकी एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटात टाळमृदंगांचा गजर चालला असता, याच तिथीस जन्मलेल्या एका भक्तश्रेष्ठाचे आम्हांस स्मरण होते. परंपरेनुसार शके ११९२, म्हणजे इ. स. १२७० मधील कार्तिक शुद्ध एकादशीस संत नामदेवांचा जन्म झाला. जन्मग्राम नरसी बामणी की पंढरपूर, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, ते असोत. दामाशेटी व गोणाई या शिंपी दांपत्याचा हा पुत्र विठ्ठलाच्या पायांशी वाढला.

नैवेद्याची कथा घरोघरी ठाऊक आहे. वडील परगावी गेले असता बाळ नामा ताट घेऊन राउळात गेला. देव जेवेना, तेव्हा पायांवर डोके फोडून घेण्यास तो सिद्ध झाला आणि देवाला जेवावेच लागले. या कथेचे आम्ही कौतुक करतो खरे, पण आमचा नैवेद्य कसा असतो? देव काही जेवणार नाही, या पक्क्या खात्रीने आम्ही ताटाभोवती पाणी फिरवितो, क्षणभर डोळे मिटतो आणि पान उचलतो. नाम्यापाशी ती खात्री नव्हती. म्हणूनच त्याला धीरही नव्हता.

हा हट्ट वयाबरोबर ओसरला नाही. प्रपंचाकडे पाठ फिरली. गोणाई आणि पत्नी राजाई यांची गाऱ्हाणी थेट विठ्ठलापर्यंत गेली. ज्ञानदेवांनी तीर्थयात्रेस चलण्याचा आग्रह धरला, तेव्हा पंढरी सोडणे नामदेवांच्या जिवावर आले. ज्याच्याशी देव बोलतो, त्याने अन्यत्र कशासाठी जावे? मोह शिरला तो येथे. सामान्य माणूस मूर्तीपुढे धन, संतती मागतो. नामदेव त्या मूर्तीवाचून काहीच मागत नव्हते. मोह इतका निर्मळ होता, की तो मोह आहे हे त्यांच्या ध्यानीही आले नाही.

ते ध्यानी आणून दिले मुक्ताबाईंनी. संत जमले असता त्यांच्या सूचनेवरून गोरोबाकाकांनी थापटणे घेतले आणि मडकी पारखावीत तसे एकेकाच्या मस्तकावर मारून पाहिले. इतर शांत राहिले, नामदेव संतापले. मडके कच्चे ठरले. रडत ते विठ्ठलाकडे धावले, तर देवानेही संतांचाच निवाडा मान्य करून त्यांना गुरूकडे जाण्यास सांगितले. ज्याच्यासाठी सर्व सोडले, त्यानेच दूर पाठवावे, हे दुःख केवढे असेल!

औंढ्या नागनाथाच्या देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले दिसले. नामदेवांना ते सहन झाले नाही. विसोबांनी शांतपणे, जेथे देव नसेल तेथे आपले पाय उचलून ठेवण्यास सांगितले. नामदेव पाय हलवू लागले; जेथे ठेवावे तेथे पिंडी उभी राहू लागली.

पुढची कथा आम्हांस सर्वांत प्रिय आहे. नामदेवांच्या पुढ्यातील पोळी एका कुत्र्याने पळविली. कोरडी पोळी देवाला कशी रुचेल, या काळजीने ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. उतावळेपणा तोच, हट्टही तोच. जेवू घालावयाचा देव मात्र आता राउळात मावत नव्हता.

पंढरी सोडवत नसलेले हे पाय पुढे पंजाबपर्यंत गेले. तेथील घुमान गावी त्यांची स्मृती आजही जागती आहे आणि गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. तरीही विठ्ठलाची मूर्ती त्यांनी टाकली नाही. मंगळवेढ्यास गावकूस कोसळून चोखोबा निवर्तले, तेव्हा त्यांच्या अस्थी आणून नामदेवांनी महाद्वारासमोरच त्यांची समाधी बांधविली.

शके १२७२, म्हणजे इ. स. १३५० मधील आषाढ वद्य त्रयोदशीस नामदेवांनी त्याच महाद्वारी देह ठेवला. संतांची पायधूळ लाभावी म्हणून त्यांनी पायरी होणे मागून घेतले होते. त्यांची ही एक इच्छा मात्र वारकरी पुरवीत नाहीत. त्या पायरीवर कोणी पाय देत नाही. तिच्यावर मस्तक टेकवूनच सारे आत जातात.