हिवाळ्याच्या उंबरठ्यावरची संत

फेब्रुवारीची पहिली तारीख उजाडते तेव्हा आयर्लंडमध्ये वसंताची चाहूल डोळ्यांना सहसा लागत नाही. झाडे निष्पर्ण असतात, वाऱ्याला धार असते आणि सूर्य दुपारीच पश्चिमेकडे झुकू लागतो. तरीही आयरिश परंपरा वसंत ऋतूची गणना याच दिवसापासून करते. केल्टिक परंपरेत वर्षाचे चार सांधे मानले जात. १ नोव्हेंबर, १ फेब्रुवारी, १ मे आणि १ ऑगस्ट हे ते चार दिवस. यांपैकी फेब्रुवारीचा सण म्हणजे इम्बोल्क. पुढे ख्रिस्ती झालेल्या आयर्लंडने हाच दिवस एका स्त्रीची पुण्यतिथी म्हणून पाळला. तिचे नाव संत ब्रिजिड. पॅट्रिक आणि कोलंबा यांच्यासह ती त्या देशाच्या तीन रक्षक संतांपैकी एक मानली जाते.

इम्बोल्क या शब्दाच्या अर्थाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. मध्ययुगीन आयरिश कोशकारांनी त्याचा संबंध मेंढीच्या दुधाशी जोडला, तर काही आधुनिक अभ्यासक त्यात उदरात असणे हा अर्थ पाहतात. दोन्ही अर्थ एकाच दृश्याकडे बोट दाखवतात. या दिवसांत गाभण मेंढ्यांची कास भरू लागते. कोकरू अजून जगात आलेले नसते. पण त्याच्यासाठी दूध तयार होऊ लागलेले असते. शेतकऱ्याच्या घरी मात्र हाच काळ सर्वांत ओढगस्तीचा असे. शरद ऋतूत भरलेली कोठारे तळाला गेलेली असत आणि नवे पीक अद्याप कित्येक महिने दूर असे. अशा वेळी वसंताचे स्वागत करायचे, म्हणजे जे अजून दिसत नाही त्याच्या भरवशावर हातातले उरलेसुरले वाटून घ्यायचे. या सणाचा आध्यात्मिक गाभा हाच असावा, असे ब्रिजिडचे चरित्र वाचताना वारंवार वाटत राहते.

परंपरेनुसार ब्रिजिडचा जन्म इ. स. ४५१ च्या सुमारास, आजच्या लाउथ परगण्यातील फॉहर्ट येथे झाला. तिचा पिता दुवथाख हा सरदार होता आणि आई ब्रोइकसेख ही त्याच्या घरची दासी. पत्नीच्या मत्सरामुळे दुवथाखने या गरोदर दासीला विकून टाकले आणि अखेर ती एका ड्रुइडाच्या, म्हणजे जुन्या केल्टिक धर्मातील पुरोहिताच्या, घरी पोहोचली. एके दिवशी सूर्योदयाच्या वेळी ती दुधाचे भांडे घेऊन घरात शिरत होती. एक पाय उंबरठ्याच्या आत आणि एक बाहेर असतानाच ती प्रसूत झाली, असे चरित्रकथा सांगतात. रात्र आणि दिवस यांच्या सीमेवर, घर आणि अंगण यांच्या सीमेवर, दासीपण आणि सरदारकी यांच्या सीमेवर जन्मलेली ही मुलगी. जुना धर्म आणि नवा धर्म यांच्या सीमेवरही तीच उभी राहणार होती.

दासीची मुलगी म्हणून ब्रिजिड स्वतःच कोणाच्या तरी मालकीची होती. तिच्या बालपणीच्या बहुतेक कथा मात्र दानाच्या आहेत, आणि ती ज्या वस्तू देते त्या कधीच तिच्या नसतात. ती वयात येत असताना आई ड्रुइडाच्या गोठ्यावर राबत होती आणि तिचे डोळे अधू झाले होते. आईच्या मदतीला गेलेली ब्रिजिड लोणी काढू लागली. लोण्याचे ती बारा सारखे भाग करी आणि तेरावा मोठा भाग काढून ठेवी. बारा भाग ख्रिस्ताच्या बारा शिष्यांच्या नावाचे आणि मोठा भाग ख्रिस्ताच्या नावाचा. तो दारी येणाऱ्या भुकेल्यांना मिळे. ही उधळपट्टी कानावर गेल्यावर ड्रुइड आणि त्याची पत्नी मोठी टोपली घेऊन हिशेब घ्यायला आली. तेव्हा जवळजवळ रित्या कोठारातून ब्रिजिड पुन्हा पुन्हा लोणी आणत राहिली आणि टोपली भरली, अशी कथा आहे. प्रसन्न झालेल्या ड्रुइडाने तिला गाई देऊ केल्या. तिने गाईंऐवजी आईची सुटका मागितली. त्याने दोन्ही दिले. ब्रिजिडने गाई गरिबांना वाटल्या आणि आईला घेऊन ती पित्याच्या घरी परतली.

पित्याच्या घरीही तिचा हात आखडला नाही. घरातील वस्तू एकामागून एक भिकाऱ्यांच्या झोळीत जाऊ लागल्या, तेव्हा दुवथाखने तिला लेन्स्टरच्या राजाला विकायचे ठरवले. राजाच्या घरी तिने जात्यावर धान्य दळावे, अशी योजना होती. तो तिला रथातून घेऊन गेला आणि आपली मौल्यवान तलवार रथात ठेवून राजाला भेटायला आत गेला. तेवढ्यात एक कुष्ठरोगी आला. ब्रिजिडने त्याला ती तलवार देऊन टाकली. संतप्त पित्याने तिला राजापुढे उभे केले. आपल्या हाती असते तर आपण राजाची आणि पित्याची सारी संपत्ती देवाच्या नावाने वाटली असती, असे तिने निर्भयपणे सांगितले. राजाने या मुलीची किंमत करण्यास नकार दिला. देवाच्या दरबारी तिचे मोल आपल्यापेक्षा अधिक आहे, असे सांगून त्याने दुवथाखला दुसरी तलवार दिली आणि ब्रिजिडला दासीपणातून मुक्तता मिळाली.

पुढे विवाह नाकारून तिने संन्यासव्रत घेतले. बिशप मेल यांनी तिला दीक्षा देताना अनवधानाने बिशपपदाच्या अभिषेकाचे मंत्र म्हटले, असे एक जुने चरित्र नोंदवते. उपस्थितांपैकी एकाने त्यावर हरकत घेतली. पण हा मान ईश्वरानेच तिला दिला आहे, त्यात आपला हात नाही, अशी मेल यांची भूमिका होती. कथेतील ऐतिहासिक तथ्य काहीही असो, तिच्या मठाचे स्थान त्या काळी किती मोठे होते, हे त्यातून कळते. हा मठ किल्डेअर येथे उभा राहिला. या नावाचा अर्थ ओक वृक्षाचे प्रार्थनामंदिर. तेथे स्त्रिया आणि पुरुष अशा दोहोंचे साधकसंघ होते. धातुकामात निपुण असलेला कोनलेथ हा तिचा सहकारी बिशप होता. त्याची परदेशातून आणलेली उंची धर्मवस्त्रेही तिने गरिबांना देऊन टाकल्याची नोंद आहे. इ. स. ५२५ च्या सुमारास तिचे निधन झाले.

तिचे उपलब्ध असलेले जुने चरित्र कोगितोसस या किल्डेअरच्या धर्मपंडिताने सातव्या शतकात लिहिले. म्हणजे मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. म्हणूनच ब्रिजिड नावाची स्त्री खरोखर होऊन गेली का, असा प्रश्न इतिहासकार विचारतात. या शंकेला आणखी एक कारण आहे. इ. स. ९०० च्या सुमाराच्या, कोर्मक या राजा-बिशपच्या नावावर असलेल्या कोशात ब्रिगिड नावाच्या देवतेची नोंद आढळते. ती दाग्दा या देवाची कन्या आणि कवींची आराध्य देवता. तिच्या त्याच नावाच्या दोन बहिणी होत्या. एक वैद्यकाची, तर दुसरी लोहारकामाची अधिष्ठात्री. या नावाचे मूळ उंच, थोर या अर्थाच्या प्राचीन शब्दात आहे आणि संस्कृतमधील बृहती हा त्याचाच सगोत्र शब्द, असे भाषाशास्त्र सांगते. काहींच्या मते देवतेलाच संताची वस्त्रे चढवली गेली. इतरांच्या मते एका खऱ्या मठाधिपतीच्या आठवणीभोवती देवतेच्या खुणा गोळा झाल्या. लोकांनी मात्र हा वाद सोडवण्याची वाट पाहिली नाही. त्यांनी दोघींना एकाच दिवशी घरात घेतले.

आदल्या सायंकाळी ब्रिजिड घरोघरी फिरते, अशी ग्रामीण आयर्लंडची श्रद्धा होती. तिच्यासाठी कापडाचा एक तुकडा घराबाहेर ठेवला जाई. तिच्या स्पर्शाने त्यात आजार बरे करण्याची शक्ती येते, असे मानत. लव्हाळ्यांचा चार बाहूंचा क्रूस विणून तो दाराशी किंवा आढ्याला लावत. मृत्युशय्येवरील एका सरदारापाशी बसली असताना तिने जमिनीवर पसरलेल्या लव्हाळ्यांचा असा क्रूस विणला, अशी त्यामागची कथा. घरातली स्त्री रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकताना ब्रिजिडचेच नाव घेई, म्हणजे सकाळी निखारा जिवंत सापडे.

किल्डेअरचा विस्तव मात्र झाकलेला नव्हता. बाराव्या शतकाच्या अखेरीस गेराल्ड ऑफ वेल्स या लेखकाने तेथील अखंड अग्नीचे वर्णन केले आहे. एकोणीस जोगिणी आळीपाळीने एकेक रात्र तो राखत आणि विसाव्या रात्री तो ब्रिजिडच्याच हवाली करत. कुंपणाच्या आत पुरुषाला प्रवेश नव्हता. इतकी वर्षे जळूनही तेथील राख वाढत नाही, अशी श्रद्धा होती. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या काळात मठ बंद झाले आणि हा अग्नीही विझला.

सुमारे चार शतकांनी, १९९३ मध्ये, ब्रिजिडच्याच नावाच्या संघातील जोगिणींनी किल्डेअरमध्ये ती ज्योत पुन्हा चेतवली. २००६ पासून गावाच्या चौकातही ती तेवत आहे. २०२३ मध्ये आयर्लंडने तिच्या दिवसाची राष्ट्रीय सुटी सुरू केली. स्त्रीच्या नावाने असलेली त्या देशातील ही पहिली सार्वजनिक सुटी. जानेवारी २०२४ मध्ये, तिच्या निधनाला पंधराशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने, तिचा मानला जाणारा अस्थी-अवशेष किल्डेअरला परत आणण्यात आला. आज चर्चमध्ये प्रार्थनेला जाणारे आणि प्राचीन केल्टिक श्रद्धा नव्याने आचरणारे, असे दोघेही फेब्रुवारीच्या आरंभी तिच्या नावाने दिवा लावतात.

कोठार भरल्यावर दान करणे तुलनेने सोपे असते. ब्रिजिडच्या कथांतील दान कोठार तळाला गेल्यावरचे आहे, आणि ते करणारी दासीची मुलगी आहे. तिच्या दिवशीही झाडे निष्पर्णच असतात. तरी लोक लव्हाळे कापून आणतात, क्रूस विणतात आणि ऋतू पालटला असे एकमेकांना सांगतात.