क्रिकेटवीर पालवणकर बाळू

१९११ साली सर्व भारताचा क्रिकेट संघ पहिल्यांदाच इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. त्यात सगळ्यात जास्त बळी कोणी घेतले, माहीत आहे का? पालवणकर बाळू यांनी!

चर्मकार समाजात जन्मलेले बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची कामं करायचे, नेटमध्ये तासन्‌तास चेंडू टाकायचे. पुढे हिंदू संघासाठी ते बळी घ्यायचे, पण चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात!

इंग्लंडमध्ये संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र डावखुऱ्या फिरकीवर ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. १९२३ मध्ये ते धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं.

मुलांनो, वर्गाचा संघ निवडताना बाळूंची आठवण ठेवाल ना?