गळ्यात डोकावलेले गायनमास्तर

आरत्यांचा तिसरा दिवस उलटला की आपल्या मंडळातली काही मंडळी घोगरा आवाज घेऊन माझ्याकडे येतात. मी कान-नाक-घशाचा डॉक्टर. लांब दांडीचा छोटा आरसा त्यांच्या घशात धरताना मला मॅन्युएल गार्सिया आठवतात. गाताना स्वरतंतू कसे हलतात, हे अशा आरशात पाहून प्रथम मांडले ते या गायनमास्तरांनी. ते डॉक्टर नव्हते!

जन्म १८०५, स्पेनमधला. वडील नामांकित ऑपेरा-गायक. बहिणी मारिया मालिब्रान आणि पोलिन व्हियार्दो युरोपभर गाजल्या. १८२५ मध्ये वडिलांची मंडळी न्यूयॉर्कला गेली, तेव्हा विशीतल्या मॅन्युएलवर मोठ्या भूमिका पडल्या. त्या ताणाने आवाज बिघडला आणि थोड्याच वर्षांत रंगमंच सुटला. अशा घरात हे किती लागले असेल! पुढे लष्करी रुग्णालयात त्यांनी स्वरयंत्राची रचना अभ्यासली आणि पॅरिसमध्ये गाणे शिकवू लागले.

१८४१ मध्ये स्वीडनची जेनी लिंड त्यांच्याकडे आली. वय वीस, आवाज अतिश्रमाने थकलेला. गार्सियांनी तिला आधी शिकवलेच नाही. काही आठवडे गाणे बंद ठेवायला लावले. मग पायापासून सुरुवात, श्वास सावकाश भरणे, एकसारखा सोडणे. पुढच्या वर्षी ती पुन्हा रंगमंचावर उभी राहिली.

आरसा आला १८५४ मध्ये. पॅरिसमध्ये फिरताना उन्हाची तिरीप पाहून त्यांना कल्पना सुचली. दंतवैद्याचा आरसा सहा फ्रँकला घेतला, गरम पाण्यात बुडवला (नाहीतर वाफ धरते), दुसऱ्या आरशाने ऊन आत पाडले आणि स्वतःच्याच घशात पाहिले. स्वरतंतू मिटतात, खालची हवा त्यांना उघडते, ते पुन्हा मिटतात. पुरुष गायक काळी एकमध्ये मध्य षड्ज लावतो, तेव्हा हे सेकंदाला सुमारे १४० वेळा घडते. श्वासाचा नुसता जोर वाढवला तर तंतू एकमेकांवर आपटतात. आरतीत आपण नेमके हेच करतो.

१८५५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत त्यांचा निबंध वाचला गेला. डॉक्टरांनी हा आरसा उचलला तो दोन-तीन वर्षांनी, व्हिएन्नाकडे. गार्सिया मात्र १८९५ पर्यंत लंडनच्या रॉयल अकॅडमीत गाणेच शिकवत राहिले. १९०५ मध्ये त्यांच्या शंभराव्या वाढदिवसाला लंडनमध्ये गायकांबरोबर घशाचे डॉक्टरही जमले होते. पुढच्याच वर्षी, १ जुलैला, ते गेले.