पुण्यश्लोक अहिल्याबाई आणि महेश्वरचे माग

अहिल्याबाई होळकर यांचे नाव निघताच काशी, सोमनाथ, गया येथील देवालये डोळ्यांपुढे उभी राहतात. त्यांनी वसविलेल्या विणकरांचे स्मरण मात्र क्वचितच होते.

बाईंचा जन्म इ. स. १७२५ मध्ये चौंडी येथील माणकोजी शिंदे पाटील यांच्या घरी झाला. मल्हारराव होळकरांच्या त्या स्नुषा. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले, १७६६ मध्ये सासरे निवर्तले आणि पुढच्याच वर्षी पुत्र मालेरावही गेले. अशा समयी त्यांनी दौलतीचा कारभार हाती घेतला व नर्मदातीरी महेश्वरास राजधानी केली.

दरबारी येणाऱ्यांस वस्त्रे देऊन गौरविण्याचा त्या काळी रिवाज होता. त्यासाठी बाईंनी सुरत, बुऱ्हाणपूर आदी ठिकाणचे कसबी विणकर आणून त्यांस महेश्वरात थारा दिला, असे परंपरा सांगते. तलम सुती लुगडी व पागोटी तेथे विणली जाऊ लागली. नर्मदेची लहर, विटांची रांग, चटईची वीण असे नक्षीचे प्रकार काठांत उतरले. पुढे हिंदू विणकरांप्रमाणेच मोमीन कुटुंबांचाही हा पिढीजात धंदा झाला. माझ्या मते येथे कलेच्या आवडीइतकेच महत्त्व नेमाने माल घेणाऱ्या दरबाराला आहे. विणकराची चूल त्यावर चालते.

वस्त्राचे मोल बाई कसे जाणत, याची एक हकीकत आपल्या इंदूरचीच आहे. देवीचंद नावाचा सावकार निपुत्रिक वारला, तेव्हा त्याच्या संपत्तीवर सेनापती तुकोजीरावांची दृष्टी गेली. त्याच्या विधवेने महेश्वर गाठले. बाईंनी तिला वस्त्रे दिली, म्हणजे घर व मालमत्ता यांची ती एकटी मालकीण, हे दरबाराने मान्य केले. आणि तुकोजीरावांस इंदुराहून तळ हलविण्याची आज्ञा गेली. ही गोष्ट सर जॉन माल्कम यांनी नोंदून ठेविली आहे.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी बाईंनी देह ठेविला. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर राजधानी इंदुरास आली. दरबाराचा घेणारा हात दूर गेला, मागाहून गिरणीचे स्वस्त कापड आले, आणि महेश्वरचे कित्येक माग थांबले.

विसाव्या शतकाच्या आठव्या दशकाअखेर होळकर घराण्यातील रिचर्ड होळकर व सॅली होळकर यांनी तेथे रेवा सोसायटी काढली. तिने विशेषतः स्त्रियांस मागावर बसविले. विक्रीचा नफा मालकाच्या पेटीत न जाता विणकरांच्या कल्याणास, मुलांच्या शिक्षणास लागावा, अशी तिची रीत. रेवा हे नर्मदेचेच नाव. किल्ल्यात बाईंच्या वेळेपासूनचे मातीच्या शिवलिंगांचे लिंगार्चन अद्याप होते, आणि त्याच परिसरात धोट्याचा आवाज ऐकू येतो.